सही माझी हाय

कागद समोर ठेवला की ताई आधी तो उलटा करून बघायच्या. मागची बाजू कोरी आहे याची खात्री झाली की मग सुलटा करायच्या आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागायच्या. अर्ध्यावर थांबून विचारायच्या, "भाऊसाहेब, हितं 'तूर्त' लिवलंय. तूर्त म्हंजी किती दिवस?"

आमच्या नगर जिल्ह्यात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. मी त्या गावात पाच वर्षं भाऊसाहेब होतो आणि ताई सरपंच होत्या. रहिवासी दाखला असो की अंगणवाडीच्या पत्र्यांचं बिल, वाचल्याशिवाय सही नाही. बाहेर लोक ताटकळायचे. मला संध्याकाळी नगरला, सावेडीतल्या घरी पोचायला तास लागायचा, त्यामुळे मीही मनातून चरफडायचो. सरकारी कागद वाचायचे नसतात, पुढे सरकवायचे असतात, हे माझ्या नोकरीनं मला शिकवलं होतं.

पण ताई पहिल्यापासून अशा नव्हत्या. पहिल्या वर्षी तर मी जिथे बोट ठेवीन तिथे त्या सही करायच्या. त्यात बदल कसा झाला, ते सांगतो.

ताईंची गावात पिठाची गिरणी होती. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं, तेव्हा गावातल्या दोन्ही गटांना एकमेकांची बाई चालेना. मग गिरणीवाली उभी राहिली तर बरं, असं ठरलं. दळण दोन्ही गटांचं तिच्याकडेच यायचं. नवरा एसटीच्या वर्कशॉपात होता, स्वभावानं सालस. निवडून आल्यावरही ताईंनी गिरणी सोडली नाही. सहीसाठी निरोप धाडला की त्या पट्टा थांबवून यायच्या. भुवयांवर पीठ तसंच असायचं. हात पदराला पुसले तरी माझ्या रजिस्टरवर पिठाची बोटं उमटायचीच. ऑडिटवाल्यानं एकदा विचारलं, "हे पांढरं काय हो?" मी म्हणालो, "सरपंच."

शिक्षण सातवी. सही मात्र पूर्ण नावाची. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि तिन्हींवर एक सलग रेघ. मी एकदा म्हणालो, "ताई, छोटी सही केली तरी चालते." त्या म्हणाल्या, "चालत आसंल. पर कुनाची हाय ते कळाया नको?"

गावापासून ओढा ओलांडून वस्तीवर जाणारा तीन किलोमीटरचा रस्ता होता. रस्ता म्हणायची पद्धत होती, एवढंच. पावसाळ्यात दुधाचा टेम्पो ओढ्याच्या अलीकडेच थांबायचा आणि वस्तीवरचे लोक डोक्यावर कॅन घेऊन यायचे. ताईंच्या दुसऱ्या वर्षी या रस्त्याचं डांबरीकरण मंजूर झालं. ठेका दिला गेला. फलक लागला, खडीचे ढीग पडले. एका सकाळी रोलरही आला.

त्याच सुमारास साहेबांचा माणूस ग्रामपंचायतीत आला. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांच्या नावाची इथे गरज नाही. त्यांचा माणूस पांढऱ्या गाडीतून यायचा, चपला बाहेर काढायचा आणि फार गोड बोलायचा. म्हणाला, "ताई, चार कोरे लेटरहेड सही करून द्या. वर काही त्रुटी निघाली तर तुम्हाला हेलपाटा नको. आपलंच काम आहे."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी चार कागदांवर पूर्ण नावाची सही केली आणि मी ड्रॉवरमधून शिक्का काढून चारही सह्यांखाली मारला.

पुढे दोनेक महिन्यांत रोलर गेला. मग खडीही डंपरमधून उचलून नेली. फलक तेवढा राहिला, त्यावर लोक कपडे वाळत घालायला लागले. कारणं ज्याची त्याची वेगळी होती. कोणी म्हणे ठेकेदार पळाला, कोणी म्हणे सरकारनं सगळीच कामं थांबवलीत. मी बांधकामाच्या ऑफिसात फोन करून विचारलं आणि ताईंना सांगितलं, की ठेका रद्द झाला आहे. त्या लोकांना सांगायला लागल्या, "वरून रद्द झालं."

पुढच्या ग्रामसभेत गुरुजी उभे राहिले.

गुरुजी वस्तीवर राहायचे. मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झालेल्या वडिलांचे ते चिरंजीव; स्वतः चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. गावात असं घर नव्हतं ज्यातल्या कुणाला त्यांनी छडी दिली नव्हती. ताईही त्यांच्याच हाताखालच्या. अलीकडे त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला जावं लागायचं. रिक्षा वस्तीवर येईना, म्हणून मुलगा मोटरसायकलवर घेऊन जायचा. येताना त्या खड्ड्यांमधून त्यांचं काय होत असेल, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांनी एवढंच विचारलं, "वरून म्हणजे कुठून, पोरी?"

"वरून म्हंजी, वरच्या ऑफिसातून, गुरुजी."

"तिथं माणसं बसतात ना? मग कुणीतरी लिहिलं असेल. कुणाच्या तरी सहीनं रद्द झालं असेल. ती सही कुणाची?"

सभेत कुणीतरी हसलं. ताई हसल्या नाहीत. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बगून सांगते."

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून त्या माझ्या गाडीवर मागे बसल्या. तीन हेलपाट्यांनंतर बांधकामाच्या ऑफिसातल्या कारकुनानं फाईल काढली. वरती साहेबांचं शिफारसपत्र होतं. आमच्या वस्तीच्या रस्त्याऐवजी दुसऱ्या गावचा, एका मंगल कार्यालयाकडे जाणारा रस्ता घ्यावा, असं. त्याच्या खाली आमच्या ग्रामपंचायतीचं लेटरहेड. 'सदर रस्त्याची ग्रामपंचायतीस तूर्त निकड नसून, मंजूर निधी अन्य कामाकडे वर्ग करण्यास आमची हरकत नाही.'

खाली पूर्ण नाव आणि त्यावर एक सलग रेघ. त्याच्या खाली माझा शिक्का, जरा तिरका.

ताईंनी ते पत्र बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. कारकून म्हणाला, "बाई, तुमचंच पत्र आहे. तुम्हीच नको म्हणालात, आता कशाला विचारता?" ताईंनी फाईल बंद करून दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "याची झेराक्स मिळंल का?"

येताना झेरॉक्स पदराखाली धरून त्या मागे बसल्या. मला वाटलं, रडत असतील. आरशात बघायचं धाडस झालं नाही. मग मागून आवाज आला, कोरडाच. "भाऊसाहेब, ग्रामसभा लावा."

"ताई, घाई नको. आपण साहेबांना भेटू. गैरसमजातून झालं म्हणून पत्र देऊ. गावात कळायची काही गरज नाही."

"गुरुजींनी इचारलंय. बगून सांगते म्हनले हुते मी."

त्या ग्रामसभेला एरवी न येणारे लोकही आले. ताईंनी झेरॉक्स वाचून दाखवली. 'तूर्त'ला अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाल्या, "ही सही माझी हाय. मी कोऱ्या कागदावर सही दिली. मजकूर दुसऱ्यानं लिवला, पर सही माझीच. रस्ता माज्या सहीनं गेला."

गलका झाला. एक जण ओरडला, "तिचं काय जातंय, ती ऱ्हाती गावात!" दुसरा म्हणाला, "किती घेतले?" साहेबांना मानणाऱ्या गटाचे लोक खाली बघत बसले. मग मागून एकानं नेमका प्रश्न विचारला. "सही तुमची, पण शिक्का? शिक्का कुनी मारला?"

मी सभेचं प्रोसिडिंग लिहीत होतो. लिहीतच राहिलो. काय लिहिलं ते आठवत नाही.

ताई म्हणाल्या, "सही माझी हाय. शिक्का सहीच्या मागनं येतो."

मग त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. तो राजीनामा होता. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, चार ओळींचा. तो माझ्याकडे देणार, तेवढ्यात गुरुजी काठी टेकत उठले.

"राजीनामा देऊन कुठं चाललीस? घरी? आणि आम्ही कुणाला विचारायचं?" दम लागला म्हणून ते थांबले. "चूक केलीस, ती फळ्यावर लिहून दाखवलीस. ठीक. आता पुसून बरोबर कर आणि मग जा."

ताईंनी राजीनामा परत पिशवीत ठेवला.

सभा संपल्यावर लोक गेले. मी सतरंजीवर बसूनच राहिलो. म्हणालो, "ताई, मी उठून सांगायला पाहिजे होतं."

त्या खुर्च्या एकात एक घालत होत्या. म्हणाल्या, "तुमी सांगितलं आसतं तर समदी तुमच्यावर घसरली आसती आन् मी सुटले आसते. मला सुटायचं न्हवतं." शेवटची खुर्ची ठेवून म्हणाल्या, "लावा त्या खिडक्या."

मला त्या क्षणी हायसं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं ते खरं.

साहेबांच्या माणसाचा फोन आला, माझ्यासमोरच. "ताई, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?" ताई म्हणाल्या, "साहेबांना म्हनावं, म्होरल्या ग्रामसभेला या. खुर्ची ठिवते." आणि खरंच त्यांनी पुढच्या सभेला माझ्या शेजारी एक जास्तीची खुर्ची ठेवायला लावली. तासभर ती रिकामी होती. शेवटी शिपाई पाय दुखतात म्हणून तिच्यावर बसला.

साहेब आले नाहीत म्हणून ताई गेल्या. शेजारच्या गावात कसल्याशा इमारतीचं उद्घाटन होतं. मंडप, ढोलताशे, सत्कार. साहेब भाषण संपवून उतरत असताना ताई पायऱ्यांपाशी उभ्या होत्या, झेरॉक्स हातात. मी दहा पावलं मागे. सरकारी माणूस असल्याचं निमित्त मला तेव्हाही पुरलं.

साहेबांनी कागद बघितला आणि हसून आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, कोरा कागद तुम्हीच दिलात ना?"

"व्हय. ती माजी चूक. मी गावात उभं राहून सांगितली. तुमची तुमी कुठं सांगताय?"

 मग साहेब म्हणाले, "बघू, बघू," आणि कुणीतरी ढोलवाल्यांना खूण केली.

त्यानंतर साहेबांना मानणाऱ्या गटानं ताईंना सोडलं. दळणही कमी झालं. दुसऱ्या गटाला त्या आपल्याकडे याव्यात असं वाटत होतं. त्यांच्याकडेही त्या गेल्या नाहीत. दर सोमवारी गिरणी बंद ठेवून ऑफिसात जायच्या. पहिलं पत्र रद्द समजावं, असं नवं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं. सोबत ग्रामसभेचा ठराव. कारकुनाच्या टेबलाशी उभं राहून त्या एकच विचारायच्या, "कागद आता कुनापाशी हाय?" वर आहे म्हटलं की म्हणायच्या, "नाव सांगा." आणि ते नाव वहीत लिहून पुढच्या टेबलाकडे जायच्या. सुरुवातीला तिथले लोक हसायचे. पुढे सोमवारी सकाळीच काही खुर्च्या रिकाम्या असायच्या.

गुरुजी त्या दरम्यान वारले. ओढ्याला पाणी होतं. माती द्यायला आम्ही गाड्या अलीकडे लावून चालत गेलो. ताई पूर्ण वेळ दफनभूमीच्या कुंपणापाशी उभ्या होत्या. परत येताना गुरुजींच्या मुलानं त्यांना हात जोडले. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

पुढच्या वर्षी रस्ता पुन्हा मंजूर झाला. ताईंच्या प्रश्नामुळे झाला, असं मी म्हणणार नाही. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि वस्तीवर मतं होती. तीनाच्या ऐवजी दीड किलोमीटर झाला. डांबर ओढ्यापर्यंत आलं आणि थांबलं. उद्घाटनाच्या पत्रिकेवर ताईंचं नाव कोपऱ्यात होतं. त्या गेल्या, कार्यक्रमभर थांबल्या. घोषणा संपल्यावर डांबराच्या कडेला वाकून त्यांनी पट्टी लावून जाडी मोजली आणि वहीत लिहून घेतली.

टर्म संपली. ताई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत आणि कुणी आग्रहही केला नाही. नव्या सरपंचांनी पदभार घेतला त्या दुपारी मी रजिस्टरं आवरत होतो. ताई दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, मला वढ्यापातूर सोडता का?"

"आत्ता? काय काम काढलंत?"

"वढ्याच्या म्होरला रस्ता ऱ्हायलाय. वस्तीवर सांगून येते, माज्याच्यानं झाला न्हाई म्हनून. टर्म सरली आन् गप बसली, आसं नको."

परवाच पाऊस झाला होता. ओढ्यापाशी मी गाडी थांबवली. पुढे चिखल होता. मी म्हणालो, "थांबतो मी." त्या म्हणाल्या, "नका थांबू. लई घरं हाईत." चपला हातात घेऊन, साडी जराशी उचलून त्या पाण्यात उतरल्या.

मी तरी थोडा वेळ थांबलो. पलीकडे पहिल्याच घरातून एक बाई बाहेर आली. काय बोलणं झालं ते ऐकू येत नव्हतं. ती बाई हातवारे करत बराच वेळ बोलत होती, मधूनच चिखलाकडे बोट दाखवत होती. ताई ऐकत उभ्या होत्या.  बाईचं बोलून झालं, ती आत गेली.

ताईंनी पाय गवतावर पुसले आणि त्या दुसऱ्या घराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.