कानबाईच्या गाण्यातली नावं

“गाणामा पोरेसनंच नाव लेतस, कामिनी.”

“मग यंदा माझं घ्या, अक्का. या घरात मुलगा नाहीच. बाबा गेल्यापासून कानबाई मीच बसवते.”

“तुन्हा काकाना पोरेसनं लिसू. पोरगी परघर जास.”

देवपुरात चाळीस वर्षं लताबाईच कानबाईची गाणी म्हणतात. श्रावणात देवी बसली, की घरच्या मुलग्यांची नावं गुंफून त्या तिच्याकडे सुख मागतात. चार गल्ल्यांमधली नावं त्यांना पाठ आहेत, कालच्या बारशाचंसुद्धा.

कामिनीनं चहा पुढे केला. “अक्का, तुमचं नाव कुठल्या घरी घेतात? माहेरी की सासरी?”

लताबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. मग चहा तसाच ठेवून, चपला पायात सरकवून त्या निघून गेल्या.