पोळ्यात रंगवलेलं शिंग

तुमच्या गोठ्यातला बैल मेला, तर त्याच्या पायाला दोर कोण बांधतं?

आमच्या महाळुंग्यात हा प्रश्न कुणाला पडतच नसे. निरोप गेला की वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसं येत, ढोर ओढून नेत, आणि आमच्या घरची माणसं गोठ्यात गोमूत्र शिंपडून जेवायला बसत. त्या वर्षी वस्तीने ते काम सोडलं. तिथला माझा शाळेतला मित्र सरळ म्हणाला, "बैल तुमचा, तुमीच वढा."

भादव्यातल्या पोळ्यानंतर आठवड्याभरात आमचा थोरला बैल मेला. मी दापोडीला कारखान्यात कामाला होतो, तिथे जातिभेदाविरुद्धची पत्रकं वाटायचो; सुट्टी घेऊन घरी आलो होतो. चुलत्यांना वेगळीच काळजी होती. माळावरचा भुईमूग भरला होता आणि रानडुकरं सगळं वावर उकरत होती. घरात ठासणीची बंदूक होती, पण तिची दारू पत्र्याच्या डब्यात. पावसाळी हवेत ती सर्द व्हायची. चाप ओढला की नुसतं फुस्स. जुने शिकारी दारू शिंगात ठेवत, कारण शिंग ओल धरत नाही. मी म्हटलं, "तात्या, ह्या बैलाच्या शिंगाचं दारूचं शिंग करतो."

"आले पत्रकवाले!" चुलते म्हणाले. "ढोराला हात लावायचा न्हाई. निरोप धाडलाय, येत्याल."

कोण येणार होतं? दुसऱ्या दिवशी दुपारी वासाने गोठ्याकडे जाववेना. मी दोर बांधला, पण एकट्याने बैल हलेना. वडील ओट्यावरून बराच वेळ बघत होते. मग उठले आणि त्यांनी दोराला हात घातला. गाव लांबून बघत होतं. पुरण्याआधी मी दोन्ही शिंगं करवतीने कापून घेतली.

आईने भांडं दिलं नाही. परसात रॉकेलच्या रिकाम्या डब्यात शिंगं उकळली. वास असा सुटला की शेजारणीने दार लावून घेतलं. आतलं हाड सुटून आलं तेव्हा वाटलं, जमलं. रुंद तोंडात लाकडाची चकती ठोकली आणि शिंग उभं तडकलं. मग लक्षात आलं. दर पोळ्याला शिंगं चकचकीत दिसावीत म्हणून आम्ही ती तासून साळत आलो होतो, आणि बुडाशी ती कागदासारखी पातळ झाली होती.

दुसऱ्या शिंगाची चकती मी घासत घासत बसवली, फटी राळ आणि मेणाने बुजवल्या, टोकाला तापल्या सळईने भोक पाडलं, बाभळीची खुंटी लावली. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं. आत थेंब गेला नाही. पोळ्याला लावलेला हिंगुळाचा लाल रंग त्याच्यावर अजून थोडा शिल्लक होता. मी ते चुलत्यांपुढे धरलं.

"मेल्या ढोराचं शिंग मी गळ्यात घालू?"

"परवा ह्याच शिंगाला तुमी रंग लावलात, तात्या. पाया पडलात."

"तवा बैल जित्ता व्हता."

"आन् पायातली वहाण? ती जित्त्या बैलाची हाय?"

"ती इकत घेतलीया. त्ये ढोर म्या न्हाई वढलं." आणि वर हसून, "कारखान्यात ह्येच शिकिवत्यात व्हय रं?"

मी पाठ केलेली सगळी पत्रकं त्या एका वाक्यापुढे थिटी पडली. विकत घेतलं की विटाळ जातो!

चुलते डबाच घेऊन माळावर गेले. सकाळी परतले ते बंदूक ओट्यावर आपटत. दोनदा चाप ओढला, दोनदा फुस्स. निम्मं वावर उलथंपालथं झालं होतं आणि आई मातीतून उरल्यासुरल्या शेंगा वेचत होती. आणि चुलते कुणावर चिडले होते? वस्तीवर! "त्यांनी काम सोडलं आन् घराला अवदसा लागली," म्हणाले.

शिंग अजून गोठ्यातल्या खुंटीला आहे, कोरडं, रिकामं. हे वाचून मला शाबासकी नको. बैल आज ना उद्या तुमच्याही गोठ्यात मरेल. तेव्हा वस्तीकडे निरोप धाडू नका. दोर तुम्ही धरा, आणि ओट्यावर बसलेल्या आपल्या माणसालाही हाक मारा.