मावशींच्या वहीतली पोटदुखी

आमच्या शाळेत जिन्याखाली एक खोली आहे. दारावर 'प्रथमोपचार' अशी पाटी असली तरी सगळी शाळा तिला मावशींची खोली म्हणते. आत दोन खाटा, एक कपाट, गरम पाण्याचा थर्मास आणि धुऊन धुऊन स्वतःचा रंग विसरलेला हिरवा पडदा. दुपारी त्या पडद्यातून जो उजेड येतो, त्यात तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. वरून चारशे पोरं धडधडत उतरली, तरी खाली येणारा आवाज पेंगुळलेला असतो, दुसऱ्याच कुठल्या शाळेचा वाटावा असा. मी गणिताचा मास्तर. पोरं माघारी मला 'कर्कटक' म्हणतात. स्वप्नाळूपणाचं आणि माझं जन्माचं वाकडं. तरी त्या खोलीत पाऊल टाकलं की मी कशाला आलो होतो तेच मला आठवेनासं व्हायचं. त्याचाही मला राग यायचा.

मावशी आधी एका दवाखान्यात आया होत्या, अठरा वर्षं. नवरा लवकर गेला, लेकीला एकटीने वाढवलं आणि लेक सासरी गेली त्या वर्षी आमच्याकडे आल्या. सावकाश चालणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांच्यापुढे घड्याळसुद्धा जरा दमाने घेतं, असं चित्रकलेच्या बाई म्हणायच्या. पोर आलं की मावशी 'काय झालं?' असं कधीच विचारत नसत. कपभर गरम पाणी द्यायचं, खाटेकडे बोट दाखवायचं आणि शेजारी बसून पट्ट्यांच्या गुंडाळ्या करायच्या. "विचारलं की माणूस काहीतरी ठोकून देतो," त्या म्हणायच्या. "नुसतं शेजारी बसलं की खरं सांगतो, नाहीतर झोपून जातो. दोन्हीनं बरंच वाटतं."

पण वहीत 'तक्रार' नावाचा रकाना होता आणि तो भरावा लागे. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी नुसती रडत आली, तेव्हा मावशींनी प्रामाणिकपणे 'रडू' असं लिहिलं. त्या वेळचे मुख्याध्यापक कडाडले, "रडू हा काय आजार आहे?" तेव्हापासून मावशींनी एक सोय केली. कुणाशी कोणी बोलत नाही, डबा खायला कोणी जवळ घेत नाही, घरी भांडणं आहेत, वर्गात जायची भीती वाटते, सगळ्यांपुढे त्या एकच शब्द लिहीत: पोटदुखी. डोकं तापलेलं हाताला कळतं, गुडघा फुटलेला दिसतो. पोटाचं कोण बघायला जातंय!

यंदा नव्या मोठ्या बाई आल्या. कामाला वाघ. त्यांनी वही उघडली आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. एका वर्षात तीनशे बारा पोटदुख्या! दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी उपसली, नळ बदलले, नमुने तपासायला गेले, पालक पोरांच्या दप्तरात दोन-दोन बाटल्या कोंबू लागले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मावशी मात्र टाकी घासणाऱ्या माणसांना शांतपणे चहा देत होत्या. तपासणीचा कागद आला: पाणी स्वच्छ.

मोठ्या बाईंनी मग मला बोलावलं. "म्हणजे वही खोटी आहे. खोली बंद करायची आणि मावशींना पुढच्या महिन्यापासून घरी बसवायचं. पण मला हवेत बोलायचं नाही. सर, तुम्ही आकडे काढा."

खरं सांगतो, मला आनंद झाला. ती खोली म्हणजे कामचुकारांची धर्मशाळा आहे, असं मी वर्षानुवर्षं म्हणत होतो. मी वही आणायला गेलो, मावशींनी कपाटातून काढून दिली. रिकाम्या वर्गात बसून मी दिवसांचे, तासांचे, इयत्तांचे रकाने आखले. ऊन फळ्यावरून सरकत होतं, खडूची धूळ त्यात तरंगत होती, मी खुणा करत होतो. हळूहळू एका चौकटीत खुणांची गर्दी झाली. मंगळवार आणि गुरुवार, तिसरा तास, नववी ब. वेळापत्रक बघायची मला गरज नव्हती. तो तास माझा होता.

त्या चौकटीत एकच मुलगी एक्केचाळीस वेळा होती. हिला मी आठवीपासून शिकवत होतो; पोट दुखतं म्हणून ती तासातून उठली की मी तिला कामचुकारांत धरायचो. शब्द तिच्या ओठांशी अडतात. माझी पद्धत अशी की उभं करायचं, प्रश्न टाकायचा आणि तीन चुटक्या वाजवायच्या. तिसऱ्या चुटकीपर्यंत उत्तर आलं नाही, तर बस खाली, पुढचा. मी कधी ओरडलो नाही, छडी उगारली नाही. याचा मला अभिमान होता.

मी वही घेऊन जिन्याखाली गेलो. "मावशी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही वही न्यायला आलात, सर. बसायला कुठं आलात?"

मी बसलो. त्यांनी कपभर गरम पाणी दिलं. हिरव्या उजेडात मी किती वेळ होतो कोण जाणे. मला लाज वाटत होती आणि तिथे ती वाटून घ्यायला जागा होती. 'नोंदी खोट्या आहेत' एवढंच लिहून दिलं असतं, तर माझं नाव कुठेच आलं नसतं आणि मावशी घरी गेल्या असत्या. मनात आलंही.

शिक्षकांच्या सभेत मी उभा राहिलो आणि तक्ता वाचून दाखवला. "दुखणं खरं आहे," मी म्हणालो. "टाकीत नाही, माझ्या तासात आहे. मावशींची खोली नसती तर ही मुलगी शाळाच सोडून गेली असती."  मोठ्या बाईंनी तक्ता मागून घेतला आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "खोली राहील. मावशीही राहतील."

मंगळवारी वर्गाबाहेर त्या मुलीला मी म्हटलं, "आज विचारू का? नको असेल तर नाही विचारणार." तिने मान हलवली, विचारा. तिसऱ्या तासाला मी प्रश्न टाकला आणि दोन्ही हात खिशात घातले. ती उभी राहिली. शब्द अडला. मागे कोणीतरी खुसखुसलं, मग तेही थांबलं. पंखा फिरत होता. बाहेर झाडाची सावली खिडकीतून आत येऊन बाकावर निवांत पसरली होती, आणि एवढ्या वर्षांत ती मी कधी पाहिली नव्हती. चाळीस जण वाट बघत होतो आणि कुणालाच कुठे जायचं नव्हतं. शेवटी उत्तर आलं, पूर्ण आलं.

ते चुकलं होतं.

"चुकलं," मी म्हणालो. "पुन्हा कर. वेळ आहे."

ती खाली बसली नाही. तिचे डोळे चमकत होते. अडखळत, थांबत, पण शेवटपर्यंत ती म्हणाली, "सर, मी वर्गात पहिल्यांदाच चुकले."

खरं होतं ते. दोन वर्षांत मी तिला चुकायलासुद्धा वेळ दिला नव्हता.