ऊन पाडणारा कुंभार

अकोल्याला आमच्या गल्लीत माठ विकायला येणाऱ्या त्या कुंभाराचं नाव मला कधी कळलं नाही. तो प्रत्येक माठ बोटाने वाजवून कान लावायचा.

शेजारच्या काकू त्याला म्हणायच्या, "तुह्या भट्टीच्या धुरानंच ऊन वाढून राह्यलं. तुहा माठ कोनी घेनार नाही."

"एवढ्याशा धुरानं आभाळ तापते काय, मावशी?"

पण माठ खपेनात. शेवटी एका दुपारी त्याने हात जोडले. "बरं, माह्याच भट्टीनं तापलं! आता तरी घ्या."

सगळे माठ खपले.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "उद्या कुरडया घालतो. भट्टी जोरात पेटवजो, बाप्पा."

पुढच्या आठवड्यात मीही दाराआडून हळूच सांगितलं, "आमचे पापड आहेत."

त्याने माठाला कान लावला आणि म्हणाला, "पेटोतो, बाई."

ऊन कडक पडलं.