उन्हाचा बेत

सत्त्याऐंशी साली मी मुलाकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला राहायला गेले होते. गेले तेव्हापासून पाऊस. आपला पाऊस येतो, कोसळतो आणि जातो. तिथला पाऊस नको असलेल्या पाहुण्यासारखा, धड बोलत नाही आणि उठतही नाही. माझे गुडघे धरले. उडदाचे पापड लाटून सोफ्यावर चादर टाकून वाळत घातले, तर त्यांना बुरशी आली. सून फक्त सोफा पुसत बसली.

म्हणून मुलाने वाळवंटातल्या एका दरीत तंबू ठोकून राहायचा बेत काढला, तेव्हा मला देव पावला असं वाटलं. वाळवंट म्हणजे ऊन. दरी किती खोल आहे, दगड कसे लाल आहेत, हे तो चित्रं दाखवून सांगत होता. मला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. परत जायच्या आधी हाडं एकदा नीट शेकून घ्यायची होती, एवढंच.

शनिवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मुलाच्या ऑफिसातला मित्र आणि त्याची बायको आली होती, नागपूरकडची माणसं. तंबू त्यांचा, गाडी आमची. मुलगा पुस्तकातून वाचून सांगत होता. जागा आधी राखून ठेवता येत नाही, जो आधी पोचेल त्याची. पाणी तिथे मिळत नाही, आपलं आपण न्यायचं.

"आणि बाथरूमला?" सुनेने विचारलं.

"टॉयलेट आहे ना. खाली खड्डा असतो. पाणी नसतं, पण एकदम क्लीन असतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"पुस्तकात लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला पाणी लागत नसेल," मी म्हटलं. "आपण टमरेल नेऊ."

"आई, प्लीज!"

मग मित्राने तंबूचा विषय काढला. तंबूत चौघंच मावत होती. "मावशींचं कसं करायचं? रात्री थंडी पडते तिकडे. खाली झोपणं झेपेल का त्यांना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझं काय, मी राहीन घरी. तुम्ही तरुण माणसं, तुम्ही जा."

पंगतीत वाढपी आला की पानावर हात आडवा धरायचा असतो, तसं मी ते म्हटलं. तो हात लाडू नको म्हणून नसतो. वाढप्याने हात बाजूला सारून लाडू टाकायचा असतो.

मुलगा म्हणाला, "शुअर, आई? ओके." आणि नकाशात डोकं घातलं.

मी बघतच राहिले. सून शहाणी. तिला कळलं. ती म्हणाली, "आईंना एकटं कसं ठेवायचं? मग मीही राहते."

"ओके," मुलगा म्हणाला.

मित्राची बायको म्हणाली, "मग मी एकटी बाई तिथे काय करू? मी इकडेच येते, मावशींना सोबत होईल."

"दॅट्स फाइन."

आता मित्र आपल्या बायकोकडे बघायला लागला. "यार, मग आपण दोघंच जाऊन काय करणार? पुढच्या वेळी बघू."

मुलाने पेन्सिल ठेवली. "मग कॅन्सलच करतो."

तो नकाशाची घडी घालायला लागला. ती घडी काही जमेना, म्हणून मला विचार करायला वेळ मिळाला. माझं ऊन माझ्या डोळ्यांदेखत घडी होऊन चाललं होतं. लाज धरून बसले असते तर परत जाईपर्यंत खिडकीतून पाऊसच बघावा लागला असता.

"घडी घालू नकोस," मी म्हटलं. "मला जायचंय."

"अगं, मग नको का म्हणालीस?"

"पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. तू म्हणायचंस, असं कसं, तुला आलंच पाहिजे. मी म्हणायचं, उगाच तुमची अडचण. तू पुन्हा म्हणायचंस. मग मी हो म्हणायचं. एवढं विसरलास?"

"आई, इथे लोक नो म्हणाले की नो असतं."

"मग इथले लोक दुसऱ्याच्या घरी उपाशीच उठत असतील."

मित्र खो खो हसला. मुलगा चिडला होता, पण उठून सरळ मित्राच्या बायकोसमोर हात जोडून उभा राहिला. "वहिनी, तुम्हाला यावंच लागेल."

"नको हो, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? यायचंच."

"बरं," ती म्हणाली. लगेच.

मग तो आपल्या बायकोकडे वळला. "तूही चल."

"नको."

"असं कसं? चलच."

"नको म्हटलं ना."

"अगं, तुझ्याशिवाय मजा नाही."

"अरे, मला खरंच नको! पाणी नाही तिथे!"

तो माझ्याकडे बघायला लागला. या नकोचं काय करायचं ते त्याला कळेना. मी म्हटलं, "हा खरा नको आहे. इथे आग्रह चालत नाही, इथे पाणी न्यावं लागतं."

शेवटी पाण्याचे कॅन दुप्पट न्यायचे ठरले तेव्हा सून तयार झाली. मी गाडीत मागच्या सीटवर झोपायचं कबूल केलं, म्हणजे तंबूचा प्रश्न मिटला. कॅनमुळे गाडी एवढी भरली की दोन दिवस प्रवासात माझे पाय एका कॅनवरच होते.

पोचलो तेव्हा सकाळ होती आणि जागा मिळाली. बाकीचे तंबूच्या काठ्यांवरून भांडत होते. मी एका तापलेल्या दगडावर जाऊन बसले, लुगडं जरा वर घेतलं आणि गुडघे उन्हात धरले.

थोड्या वेळाने मुलगा आला. "आई, तू उलटी बसलीस. दरी तुझ्या मागे आहे."

"माहीत आहे. ऊन इकडून आहे."

दरी मी दुसऱ्या दिवशी पाहिली. बरी होती.