स्क्रूवरचा गुलाबी ठिपका

"नवा घेऊ की जुना?" हा प्रश्न ऐकला की अण्णांच्या मस्तकात तिडीक जायची. जुने लॅपटॉप उघडायचे, साफ करायचे, बॅटरी बदलून विकायचे हा त्यांचा धंदा. आता त्यांच्याच दुकानात येऊन हे विचारायचं म्हणजे काय म्हणावं? त्यात ग्रंथालयात काम करणाऱ्या एक बाई. पुन्हा आल्या, पुन्हा त्याच चरा पडलेल्या लॅपटॉपचं झाकण उघडून मिटून पाहिलं, आणि घरी विचारून सांगते म्हणून गेल्या. अण्णांचं सगळ्यांना एकच सांगणं: हा जुना आहे, इथं चरा आहे, बॅटरी मी नवी घातलीय, आणि माझ्या घरी द्यायचा असता तर हाच दिला असता.

आणि घरी काय? घरी लेक हटून बसली होती. कॉलेज सुरू होणार, लॅपटॉप हवा, आणि तो नवाच हवा. सायकल मावसबहिणीची, पुस्तकं आतेभावाची, एकदा तरी खोक्याची पट्टी माझ्या हातानं फोडू दे, असं तिचं म्हणणं. आई तिच्या बाजूनं. मेहुण्यानं जेवता जेवता काडी टाकली, की भाऊजींनी निदान घरात तरी दुकान मांडू नये.

अण्णा चरफडत मोठ्या दुकानात गेले. खिशाला झेपेल असा नवा उचलला, तर झाकण पुठ्ठ्यासारखं वाकलं. मेमरी वाढवायची सोय नाही, बॅटरी आत चिकटवलेली. विक्रेता आपला रंगांचं कौतुक सांगतोय. असला माल डोळ्यांदेखत पोरीच्या गळ्यात मारायचा? अण्णा तणतणत परतले आणि जन्मात केलं नव्हतं ते करायला बसले.

एका ऑफिसनं काढून टाकलेल्यांतला सगळ्यात दणकट लॅपटॉप त्यांनी निवडला. कीबोर्ड नवा, बॅटरी नवी, चरा होता म्हणून अख्खं झाकणच बदललं. ओळखीच्याकडून रिकामं खोकं आणलं, त्यावर पट्टी मारली. इतकं देखणं काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि कुणाला सांगायची सोय नाही. लेकीनं पट्टी फोडली, शेजारी जाऊन दाखवून आली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टिकर लावायला तो पालथा केला. अण्णांची एक सवय होती. काम संपलं की शेवटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. मागाहून कुणी उघडलं तर ठिपका तडकतो आणि कळतं. बाटली बायकोची, रंग गुलाबी. लेक लहान असताना तो ठिपका द्यायचा मान तिचा असायचा. फसवायला बसलेल्या माणसाच्या हातानंही सवयीनं ठिपका दिलाच होता, आणि तिनं तो बघताक्षणी ओळखला.

ती आकांडतांडव करेल म्हणून अण्णांनी उत्तरं तयार ठेवली होती. बॅटरी, कीबोर्ड, दणकटपणा. तिनं त्यातलं काही विचारलंच नाही.

"बाबा, तुम्ही गिऱ्हाइकाला चरासुद्धा दाखवता. मग मलाच का नाही सांगितलंत?"

"तुला नवा हवा होता ना?"

"हवा होता. नसता मिळाला तर दोन दिवस रुसले असते. आता तुम्ही काहीही दिलंत तरी मी आधी पालथं करून बघणार."

अण्णांना स्वतःचाच असा राग आला, की दिवसभर दुकानात ते कुणाशी धड बोलले नाहीत. नेमक्या तेव्हाच त्या बाई पुन्हा आल्या. पुन्हा झाकण उघडलं, मिटलं. मग म्हणाल्या, की घरी हाच दिला असता असं तुम्ही नेहमी म्हणता, पण खरोखर दिलात कुणाला?

"दिला. पोरीला."

"मग? जुना चालला तिला?"

अण्णांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"जुना चालला असता," ते म्हणाले. "मी तो नवा म्हणून दिला."

बाईंनी पर्स उघडली आणि तोच चरा पडलेला लॅपटॉप बांधून द्यायला सांगितला.