धुरावर धरलेलं कार्ड

लढाईच्या दिवसांत काष्टीच्या बाजारात तो लोकांची कार्डं लिहून द्यायचा. गिरणीतून क्षय घेऊन परतलेला. बसण्याआधी, धान्य उफणताना बघतात तशी चिमूटभर माती सोडून वारा बघायचा, आणि आपला खोकला कुणावर जाणार नाही असा बसायचा.

मी दुसरीतून शाळा सोडून परमुलखात आलेलो. आईसाठी त्यानं लिहिलेलं कार्ड, रोग तिच्यापर्यंत जाईल म्हणून, कडुलिंबाच्या पाल्याच्या धुरावर धरत होतो. त्यानं ते पाहिलं.

“आईला धूर कशापायी हुंगायला लावता?” तो हसून म्हणाला. “तुमीच लिवा. मी हितनं अक्षरं सांगतो.”

कित्येक बाजार त्यानं लांबूनच शिकवलं. माझं पहिलं कार्ड पुरं झालं तेव्हा त्यानं भान विसरून बघायला हात पुढं केला. मी ते जागेवरूनच उंच धरून दाखवलं.

“लई झ्याक,” म्हणत त्यानं हात मागं घेतला.

अजूनही लिहायला बसलो की तो हात दिसतो.